ग्रीक-रोमन पुराणकथांची संगमरवरी शिल्पं: खानदेशात पहिल्यांदाच प्रतिकृती घेणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वेशीबाहेर लॉन्स, मंगल कार्यालयं, फार्महाऊस आणि नवे बंगले उभे राहिले, आणि त्यांच्या दारात पांढऱ्या ग्रीक-रोमन मूर्तीही आल्या. खांद्यावर घडा घेतलेली स्त्री, पंखवालं बाळ, हात नसलेली व्हीनस. पाहुणा विचारतो, "हाई कोन देव शे भाऊ?" आणि घरमालकाला नाव सांगता येत नाही, कारण दुकानात त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं. एवढे पैसे घालून, एवढा जड दगड घरात आणून त्याची ओळखच नसावी, याची मला खरोखर हळहळ वाटते. या मूर्तींमागे फार सुंदर कथा आहेत आणि त्या घडवण्यामागे मोठी कारागिरी आहे.

प्रतिकृती घेण्यात कमीपणा काहीच नाही. आज संग्रहालयांत ग्रीक म्हणून दिसणारी कितीतरी शिल्पं मुळात रोमन लोकांनी करवून घेतलेल्या नकला आहेत. मूळ ग्रीक ब्राँझ पुढे वितळवलं गेलं आणि संगमरवरी नक्कल उरली. व्हॅटिकनमधला अपोलो देवाचा प्रसिद्ध पुतळा, 'अपोलो बेल्व्हेडेअर', असाच. म्हणजे चांगली नक्कल करवून घेण्याची परंपरा दोन हजार वर्षांची आहे. फक्त ती चांगली हवी, आणि त्यासाठी क्रम महत्त्वाचा: आधी जागा, मग पात्र, मग दगड. बहुतेक जण याच्या बरोबर उलटं करतात. दुकानात एक मूर्ती आवडते, ती घरी येते आणि मग तिला कुठे ठेवायचं याचा विचार सुरू होतो.

पहिलं काम: जागा आणि वजन

टेप घ्या आणि जागा मोजा. मूर्ती आत बसणार की बाहेर, भिंतीला टेकून की मोकळ्यात, किती अंतरावरून दिसणार, हे कागदावर लिहा. मोकळ्या जागेतली मूर्ती चारही बाजूंनी कोरलेली लागते. भिंतीलगत ठेवायची असेल तर मागची बाजू साधी चालते आणि पैसे वाचतात.

मग वजन. इथे नवख्यांचा अंदाज हमखास चुकतो. एक घनफूट संगमरवर साधारण ७६ किलो भरतो. उंची दुप्पट केली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं, कारण रुंदी आणि जाडीही त्याच प्रमाणात वाढतात. दोन फुटी उभी मूर्ती बैठकीसह १५ ते २० किलोची असेल, तर तीच चार फुटी केल्यावर १२० ते १६० किलोची होते. साडेपाच फुटांची पूर्णाकृती ३०० ते ४०० किलोच्या घरात जाते, आणि त्याखाली चौथऱ्याचं वजन वेगळं. राहत्या घराच्या स्लॅबचं डिझाइन करताना वापराचा भार साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो धरतात. तेव्हा वरच्या मजल्यावर मोठी मूर्ती ठेवायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारा आणि शक्यतो खांब-बीमच्या जवळची जागा निवडा. जुन्या धाब्याच्या घरात माडीवर दगडी मूर्ती चढवूच नका.

बाहेर ठेवणाऱ्यांसाठी खानदेशातलं ऊन हा मोठाच मुद्दा आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. संगमरवर हा कॅल्साइटच्या स्फटिकांचा बनलेला असतो. तापल्यावर हे स्फटिक एका दिशेने प्रसरण पावतात आणि दुसऱ्या दिशेने किंचित आकसतात. दिवसा तापणं आणि रात्री निवणं वर्षानुवर्षं चाललं की कणाकणांमधली पकड सैल होते. मग पृष्ठभाग खरखरीत लागतो आणि बोट फिरवलं की साखरेसारखी पूड हाताला येते. म्हणून पश्चिमेच्या भिंतीजवळची जागा टाळा. उत्तरेची किंवा पूर्वेची बाजू, पोर्चची सावली, ओसरीचा कोपरा या जागा उत्तम.

सावली हवी म्हणून झाडाखालीही ठेवू नका. जांभूळ, चिंच, करंज यांची फळं-पानं दगडावर डाग पाडतात, कारण संगमरवर सच्छिद्र असतो. रावेर-यावलकडच्या बागायतदारांनी आणखी एक पाहावं: केळीचे घड जिथून ने-आण होतात त्या वाटेवर मूर्ती नको. केळीचा चीक कपड्यावरून निघत नाही, तो दगडातूनही सहज निघणार नाही.

दुसरं काम: कोणाची मूर्ती?

हा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

आपला भाग शेतीचा. फार्महाऊससाठी मूर्ती हवी असेल तर सेरीस शोधा. ही रोमन लोकांची धान्यदेवता, ग्रीक लोकांची डिमीटर. हातात कणसांची पेंढी, अंगभर वस्त्र. हिची मुलगी पाताळाच्या राजाने पळवून नेली आणि आईच्या दुःखामुळे धरतीवर काही उगवेनासं झालं. मुलगी काही महिन्यांसाठी परत येते तेव्हा पृथ्वी पुन्हा हिरवी होते. माहेरवाशिणीची वाट पाहणारी आई ही कथा आखाजीला लेकी घरी आणणाऱ्या खानदेशाला समजावून सांगावी लागत नाही. बाजारात चार ऋतूंच्या चार स्त्रियांचा संचही मिळतो: फुलांची वसंत, कणसांची ग्रीष्म, द्राक्षांची शरद आणि शाल लपेटलेली हिवाळी. बागेच्या चार कोपऱ्यांना तो शोभतो. फुलबागेसाठी फ्लोरा आहेच. मुंबईचं फ्लोरा फाउंटन तुम्ही पाहिलं असेल. १८६४ मधलं ते कारंजं याच रोमन पुष्पदेवतेचं आहे, फक्त तिथला दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँडचा चुनखडक आहे.

डॉक्टरांसाठी दोन नावं: वैद्यकाचा देव अस्क्लेपिअस आणि त्याची मुलगी, आरोग्याची देवता हायजिया. अस्क्लेपिअसच्या काठीला एकच साप असतो. दोन साप आणि वर पंख असलेली काठी हर्मीसची, म्हणजे रोमन मर्क्युरीची, आणि तो व्यापाराचा आणि निरोप पोचवणारा देव. ही गल्लत सर्रास होते. दवाखान्यासाठी घेताना साप मोजा. हायजियाच्या हातात वाटी असते आणि साप त्या वाटीकडे झुकलेला असतो. ती पूर्ण वस्त्रातली, शांत चेहऱ्याची असल्याने प्रतीक्षाकक्षात छान दिसते. व्यापारी पेढीसाठी मर्क्युरी योग्य. मात्र एका पायाच्या बोटांवर उडायच्या तयारीत असलेला, जांबोलोन्या या शिल्पकाराचा मर्क्युरी दगडात मागू नका. ते शिल्प ब्राँझसाठी रचलेलं आहे. ब्राँझ ताण सहन करतं, संगमरवर करत नाही, तो घोट्यात तुटतो. रोमन कारागिरांना ही अडचण ठाऊक होती. ब्राँझच्या शिल्पाची दगडी नक्कल करताना ते पायामागे झाडाचा बुंधा कोरत. अपोलो बेल्व्हेडेअरच्या पायाशी असलेला बुंधा पाहा, त्यावर साप सरपटताना दिसतो. तुमच्या प्रतिकृतीत असा बुंधा असेल तर तो काढायला सांगू नका. मूर्तीला उभं ठेवण्याचं काम तोच करतो.

हॉटेल किंवा भोजनगृहासाठी हीबी निवडता येईल. ही देवांना पेय देणारी, तारुण्याची देवता. इटालियन शिल्पकार कानोव्हाने घडवलेली तिची रूपं प्रसिद्ध आहेत. वकिलांना न्यायदेवता हवी असते. डोळ्यांवरची पट्टी ही सोळाव्या शतकाच्या सुमारास रूढ झालेली भर आहे, प्राचीन मूर्तींना ती नसे. आपल्या सर्वोच्च न्यायालयातही २०२४ मध्ये पट्टी नसलेली, हाती संविधान घेतलेली मूर्ती बसवली गेली. म्हणून पट्टीशिवायची मूर्ती म्हणजे चूक, असं समजू नका.

आता मिलोची व्हीनस. व्हीनस म्हणजे प्रेमाची आणि सौंदर्याची देवता. ही मूर्ती १८२० मध्ये ग्रीसच्या मिलोस बेटावर सापडली, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, उंची दोन मीटरहून थोडी जास्त. हात नाहीत ते काळाने तोडले, शिल्पकाराने तसे घडवले नव्हते. तिची कंबरेवरची बाजू उघडी आहे. अनेक ग्रीक-रोमन शिल्पं पूर्ण नग्न असतात आणि त्यांच्या परंपरेत तो शरीराच्या सौंदर्याचा सन्मान आहे. तरीही घरात आजी-आजोबा आहेत, गावाकडचे पाहुणे येतात, पोरं खेळतात. सगळ्यांना मोकळेपणाने समोर बसता आलं पाहिजे. घरात आधी बोलून घ्या. संकोच असेल तर वस्त्रातल्या मूर्तींची कमतरता नाही: हायजिया, सेरीस, फ्लोरा, शिकारीला निघालेली डायना, आणि पंखांची नायकी. नायकी विजयाची देवता. सामोथ्रेस बेटावर १८६३ मध्ये सापडलेलं तिचं शिल्पही लूव्रमध्येच आहे. वाऱ्याने अंगाला चिकटलेलं वस्त्र दगडात कसं दाखवावं, हे पाहायचं तर तिच्याकडे पाहा. तिला डोकं आणि हात नाहीत, आणि तिचा उजवा पंख डाव्याच्या साच्यावरून प्लास्टरमध्ये केलेला आहे. कोणी विक्रेता डोकं जोडलेली नायकी दाखवत असेल तर ती त्याच्या मनाची भर आहे. क्रीडा अकादमीच्या किंवा शाळेच्या प्रवेशद्वाराशी डोकं नसलेली नायकीच जास्त भारदस्त दिसते.

लाओकूनचं शिल्प फार मोठं आहे, पण ते घरात नको असं माझं मत. ट्रॉयचा पुरोहित आणि त्याची दोन मुलं सापांच्या विळख्यात मरत आहेत, हा त्याचा विषय. नागपंचमीला नागाला दूध दाखवणाऱ्या घरात ते रोज डोळ्यांसमोर बरं वाटणार नाही. संस्थेच्या किंवा कलाशिक्षणाच्या जागी घेणार असाल तर एक बारकावा सांगतो. १५०६ मध्ये रोममध्ये ते सापडलं तेव्हा उजवा हात नव्हता. मग सरळ वर ताणलेला हात जोडला गेला. पुढे १९०६ मध्ये रोममध्येच मिळालेला एक हात मूळचा ठरला, आणि तो कोपरात वाकलेला निघाला. त्यामुळे बाजारात दोन्ही तऱ्हेच्या नकला आहेत. वाकलेल्या हाताची घ्या.

केसांच्या जागी साप असलेल्या मेड्युसाचं मुंडकं दारावर लावावं का, असंही लोक विचारतात. लावायला हरकत नाही. मेड्युसा ही गॉर्गन नावाच्या राक्षसिणींपैकी एक. प्राचीन ग्रीक लोक गॉर्गनचा भेसूर चेहरा मंदिरावर आणि ढालीवर लावत तो अनिष्ट दूर ठेवायला, आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर आणि कमानीवर कीर्तिमुख असतं तसा.

पात्र ठरलं की मूळ शिल्पाचे चारही बाजूंचे फोटो जमवा. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ते मिळतात. नेपल्सच्या संग्रहालयातला 'फार्नेसे हर्क्युलस', म्हणजे बलाढ्य वीर हर्क्युलसचा पुतळा, याचं उत्तम उदाहरण आहे. समोरून तो गदेवर रेलून दमलेला दिसतो. पाठीमागे गेल्यावर कळतं की उजव्या हातात त्याने सोन्याची सफरचंदं धरली आहेत, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या बारा अवघड कामांपैकी शेवटच्यांतलं एक फत्ते झालं आहे. स्वस्त नकलेत पाठ सपाट केलेली असते, आणि मग गोष्टच निघून जाते.

तिसरं काम: दगड आहे की दुसरं काही?

दुकानात सगळ्यालाच 'मार्बल' म्हणतात. प्रत्यक्षात चार वेगळ्या वस्तू असतात. एक, अखंड संगमरवरातून कोरलेली मूर्ती. दोन, संगमरवराची पूड आणि रेझिन साच्यात ओतून केलेली, जिला 'कल्चर्ड मार्बल' किंवा 'मार्बल डस्ट' म्हणतात. तीन, फायबर. चार, पीओपी.

लिंबाचा थेंब टाकून बुडबुडे आले की खरा संगमरवर, असं सांगितलं जातं. ही परीक्षा अपुरी आहे, कारण पूड आणि रेझिनच्या मूर्तीतही कॅल्साइटच असतं, तिथेही बुडबुडे येऊ शकतात. शिवाय लिंबाने पॉलिश मरतं. त्याऐवजी मूर्ती आडवी करून तळ पाहा. साच्यातल्या मूर्तीच्या तळाशी हवेचे बारीक खड्डे असतात, कडेने साच्याची शिवण दिसते, कधी ती घासून पुसट केलेली असते. विक्रेत्याच्या परवानगीने तापलेली सुई तळाला टेकवा. रेझिन असेल तर प्लास्टिक जळाल्याचा वास येतो, दगडाला काही होत नाही. दुकानात त्याच मूर्तीचे आणखी नग असतील तर शेजारी ठेवून पाहा. केसांची प्रत्येक बट, प्रत्येक चुणी तंतोतंत तीच असेल तर ती साच्यातून निघालेली आहे किंवा पूर्ण मशीनवर कोरलेली. दगडाच्या नैसर्गिक रेषा मात्र दोन मूर्तींत कधीच सारख्या नसतात. खरा संगमरवर सावलीत हाताला गार लागतो, आणि बारीक कणांच्या चांगल्या दगडाच्या पातळ कडेमागे टॉर्च धरला तर उजेड किंचित आरपार येतो.

रेझिनची मूर्ती वाईट असते असं मी म्हणणार नाही. इटालियन शिल्पकार बर्निनीचं 'अपोलो आणि डॅफ्नी' घ्या. अपोलो डॅफ्नी या अप्सरेच्या मागे धावतो आहे. डॅफ्नीच्या बोटांना पानं फुटत आहेत आणि ती डोळ्यांदेखत झाड होते आहे. रोमच्या बोर्गेझे संग्रहातलं हे काम १६२२ ते १६२५ मधलं. त्या पातळ पानांची दीड फुटी नक्कल दगडात कोरायला कारागीर धजावणार नाही, धजावला तरी वाहतुकीत पानं टिकणार नाहीत. अशा वेळी साच्यातली मूर्ती शहाणपणाची, पण घराच्या आत. आपल्या उन्हात रेझिन पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. लॉन्सवाल्यांना मूर्ती सतत हलवाव्या लागतात, त्यांच्यासाठी फायबर बरं, दर काही वर्षांनी रंग द्यावा लागेल एवढंच. पीओपी बाहेर ठेवूच नका, पावसात ते विरतं. विक्रेत्याने जे आहे ते नाव पक्क्या बिलावर लिहून द्यावं, एवढा आग्रह धरा.

दगडातही प्रकार आहेत. राजस्थानचा मकराणा सर्वांना ठाऊक, ताजमहाल त्याचाच. गुजरातच्या बनासकांठ्यातला अंबाजीचा पांढरा दगड मूर्तिकामात चांगला चालतो. हल्ली व्हिएतनामहून येणारा शुभ्र दगडही मूर्तिकार वापरतात. इटलीतला करारा हा कानोव्हा आणि बर्निनीचा दगड, पण आयात केलेला असल्याने महाग पडतो. पहिल्या मूर्तीसाठी मकराणा किंवा अंबाजी पुरेसा आहे. निवडताना चेहऱ्यावर आणि हातांच्या भागात करडी रेघ नाही ना, एवढं पाहा. अंगावर किंवा वस्त्रावर रेघ आली तर बिघडत नाही.

चौथं काम: ऑर्डर देणं

आपल्याकडच्या शोरूममध्ये छोट्या मूर्ती मिळतात. तीन फुटांच्या पुढची, मनासारखी हवी असेल तर जयपूरला ऑर्डर द्यावी लागते. तिथल्या 'खजानेवालों का रास्ता' भागात मूर्तिकारांची दुकानं ओळीने आहेत. या मूर्तिकारांचा हात देवमूर्तींवर बसलेला असतो, आणि तेच त्यांचं वैभव आहे. पण ग्रीक मूर्ती घडवताना तीच सवय आड येते. डोळे मोठे होतात, ओठांवर देवीचं स्मित येतं, शरीर सरळ समोर पाहत ताठ उभं राहतं. त्यामुळे तीन गोष्टी आधीच बोला. ग्रीक चेहऱ्यात कपाळ आणि नाक जवळजवळ एका रेषेत उतरतं. डोळ्यांत बाहुली कोरलेली नसते, कारण मुळात ती रंगाने दाखवत, मूर्ती रंगवलेल्याच असत. आणि शरीराचा भार एका पायावर असतो: एक नितंब वर, त्या बाजूचा खांदा खाली. मूर्तिकाराला कृष्णाचा त्रिभंग माहीत असतोच. 'त्रिभंगासारखं, पण सौम्य' असं म्हणा, त्याला लगेच उमजतं.

दगडाला हात लावण्याआधी मातीचं किंवा पीओपीचं छोटं मॉडेल मागा आणि त्याचे चारही बाजूंचे फोटो पाहून होकार द्या. नंतर दगड जोडता येत नाही. मॉडेलला वेगळे पैसे पडले तरी द्या.

पॉलिश हा दुसरा वादाचा मुद्दा. आपल्याकडे मूर्ती आरशासारखी चकचकीत करण्याची रीत आहे. ग्रीक-रोमन शिल्पात प्रकाश-सावलीचा खेळ महत्त्वाचा असतो, आणि चकाकीत सावल्या मरतात. अंगाला मऊ मॅट पॉलिश, केसांना आणि वस्त्राला थोडा खरबरीतपणा, असं लिहून द्या.

मशीनवर कोरलेली मूर्ती कमी दर्जाची नसते. मशीन ढोबळ आकार काढतं, शेवटचा हात माणसाचा लागतो. वस्त्राच्या खोल चुण्यांत बोट घालून पाहा. आत मशीनच्या समांतर रेघा तशाच राहिल्या असतील तर हाताचं काम कमी झालं आहे. जोडांनाही घाबरू नका. मिलोची व्हीनस दोन मोठ्या तुकड्यांची आहे, जोड कंबरेजवळ वस्त्राच्या आडोशाला आहे. जोड असावा तो वस्त्राच्या कडेला किंवा बैठकीत. मानेवर, मनगटावर नको.

जोडातला दांडा कशाचा, हे मात्र जरूर विचारा. साधं लोखंड चालणार नाही. गंजलं की ते फुगतं आणि दगड आतून फोडतं. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवरच्या प्राचीन मंदिरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुरुस्तीसाठी घातलेल्या लोखंडी पट्ट्यांनी नेमकं हेच केलं, आणि नंतरच्या पिढीला त्या काढून टायटॅनियम वापरावं लागलं. तुम्हाला टायटॅनियमची गरज नाही, स्टेनलेस स्टील ३०४ किंवा ३१६ बिलावर लिहून घ्या.

भाव विचारताना घडणावळ, पॅकिंग, वाहतूक आणि उतरवणं असे चार आकडे वेगवेगळे मागा. आणि कोणी 'जुनी, शंभर वर्षांपूर्वीची' मूर्ती देऊ केली तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांवरच्या शिल्पांचे नियम वेगळे आहेत, परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. आपल्याला नवी प्रतिकृती हवी आहे, तीच घ्या.

पाचवं काम: आणणं, उतरवणं, बसवणं

जयपूरहून येणारा ट्रक इंदूर-सेंधव्यामार्गे बिजासन घाट उतरून शिरपूर-धुळ्याला येतो. घाटातले हादरे लक्षात घेऊन लाकडी पेटी आणि आत फोम हवाच. नाजूक भाग तुटू नयेत म्हणून बोटांमधले, धनुष्याजवळचे दगडाचे बारीक पूल कारागीर मुद्दाम ठेवतात. ते मूर्ती जागेवर बसेपर्यंत काढायला लावू नका. मार्गातल्या नुकसानीचा विमा घ्या. पेटी उघडताना व्हिडिओ काढा, आणि टवका दिसला तर बिल्टीवर तिथेच लिहून सही घ्या.

उतरवताना हायड्रा (छोटी क्रेन) किंवा चेन पुली, आणि रुंद नायलॉनचा पट्टा. लोखंडी साखळी किंवा तारेचा दोर दगडाला लागू देऊ नका. मूर्ती हात, पंख, मान धरून उचलू नये हे हमालांना आधीच सांगा. त्यांना वजन खरं सांगा, त्यांच्या पाठीचा प्रश्न आहे.

बागेत बसवायची असेल तर तापीकाठच्या काळ्या मातीची गोष्ट शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि वर ठेवलेलं सगळं कलतं. त्या मातीवर थेट चौथरा बांधू नका. मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फार खोल असेल तर दोन-तीन फूट माती काढून मुरमाचे थर ठोकून भरा, त्यावर काँक्रीट, मग चौथरा. चौथऱ्यात ओल वर चढू नये म्हणून ओलरोधक थर घाला. जमिनीतले क्षार ओलीबरोबर संगमरवरात चढले की पापुद्रे सुटतात. चौथऱ्याला आपला काळा पाषाण वापरा. पांढऱ्या मूर्तीखाली तो फार उठून दिसतो, इथेच मिळतो आणि इथल्या पाथरवटांना तो घडवता येतो. मूर्ती टेकवताना पांढरं सिमेंट घ्या, राखाडी सिमेंटचे डाग दगडातून वर येतात. ओळंबा आणि लेव्हल लावून तपासा.

अर्धपुतळा असेल तर त्याचे डोळे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर यावेत. दोन फुटी अर्धपुतळ्याला साडेतीन-चार फुटांचा स्तंभ पुरतो. दिवा समोरून नको, एका बाजूने वरून टाका. आखाजीला झोका बांधणार असाल तर मूर्तीपासून लांबच्या झाडाला.

सहावं काम: निगा

वाऱ्यासोबत येणाऱ्या धुळीतले वाळूचे कण संगमरवरापेक्षा कठीण असतात. कोरड्या फडक्याने घासलं की ओरखडे येतात. आधी मऊ, रुंद ब्रशने धूळ झटका, मग स्वच्छ पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून पुसा आणि साध्या पाण्याने पुन्हा पुसा. संडासचं ॲसिड, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतलं काहीही लावू नका. दिवाळीच्या साफसफाईला बाहेरची माणसं येतात तेव्हा त्यांना हे आवर्जून सांगा.

मूर्ती दिसली की भाविक माणूस हळद-कुंकू वाहतो, तेल घालतो. श्रद्धेने केलेलं असतं, रागावू नका, पण पायाशी एक ताम्हन ठेवून तिथे वाहायला सांगा. हळदीचा डाग उन्हात बऱ्यापैकी फिका होतो. कुंकू-तेलाच्या डागासाठी चुनखडीची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिचा जाड लेप डागावर द्या, वर प्लास्टिक चिकटवा, दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप सुकू द्या आणि मग तो काढा. डाग ओढला जातो. पान-फळांच्या डागाला ॲसिटोनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही कामं मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आणि आधी तळाशी छोट्या जागी करून पाहा. रंगपंचमीला सुती चादर गुंडाळा. पावसाळाभर प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते आणि शेवाळ धरतं. संरक्षक लेप लावायचा असेल तर दगडात मुरणारा आणि वाफ बाहेर सोडणारा घ्या, वर काचेसारखा थर देणारा नको.

समुद्रदेव नेपच्यूनचं किंवा घडेवालीचं कारंजं करणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. आपल्या बोअरचं पाणी जड. काही महिन्यांत मूर्तीवर पांढरा थर बसतो. तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि संगमरवरही तोच, त्यामुळे थर काढणारं कोणतंही ॲसिड मूर्तीलाही खातं. म्हणून थर बसूच न देणं हाच मार्ग. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी फिरवा, पंप रात्री बंद ठेवा, आणि पाणी मूर्तीच्या चेहऱ्यावरून न नेता बाजूच्या शिंपल्यातून किंवा माशाच्या तोंडातून सोडा.

एखादं बोट तुटलंच तर तुकडा लगेच मऊ कापडात गुंडाळून ठेवा. तुटलेल्या कडा घासू नका, धुवू नका, एकमेकांवर टेकवून पाहू नका. बारीक टवके उडून सांधा कायमचा उघडा दिसतो. सुपरग्लू क्षणात धरतो आणि बोट तिरकं बसलं तर सुधारता येत नाही. मूर्तिकाराला फोटो पाठवा. छोटा तुकडा तो दगडाच्या रंगाच्या इपॉक्सीने बसवून देतो, मोठ्या तुकड्याला आत स्टेनलेस स्टीलची पिन घालावी लागते. तुकडा हरवला असेल तर ऑर्डरच्या वेळी मागून घेतलेला त्याच दगडाचा वीतभर तुकडा कामी येतो. म्हणून तो मूर्तीबरोबरच मागून घ्या आणि मागे मूळ शिल्पाचं नाव, दगडाचं नाव आणि मूर्तिकाराचा नंबर लिहून माळ्यावर ठेवा.